पाच टाके

बस डेपोच्या स्टोअरची किल्ली गेली अकरा वर्षं एका बाईच्या ताब्यात होती. बोल्ट, फिल्टर, पंख्याचे पट्टे, ब्रेकचे लायनर, मेकॅनिक लोकांना जे लागेल ते तिच्या खिडकीतून मिळायचं आणि सही केल्याशिवाय मिळायचं नाही. डेपोत सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणत. घरी ती धाकटी. घरी म्हणजे तरी कुणाची, तर एका थोरल्या बहिणीची. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे, तेव्हा थोरलीनेच तिच्या वेण्या घातल्या, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालकांच्या जागी सही केली, फाटलेला गणवेश असा शिवून दिला की फाटला होता हे धाकटीलाही शोधून सापडू नये. आता धाकटी पंचेचाळिशीला आली होती, तरी काही अडलं की तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघायचं ते 'ताईला विचारते.'

मांजरींचं प्रकरणही तसंच सुरू झालं.

डेपोत मांजरी पहिल्यापासून होत्या. स्टोअरमध्ये उंदीर म्हणून मांजरी, कॅन्टीन आहे म्हणून आणखी मांजरी. पण त्या वर्षी त्यांनी कहर केला. टायरच्या ढिगात पिल्लं, जुन्या फायलींच्या खोलीत पिल्लं, उभ्या गाडीच्या शेवटच्या सीटखाली पिल्लं. एका सकाळी ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि इंजिनातून असा काही आवाज आला की मिस्त्री ओरडत धावला आणि त्याने गाडी बंद करायला लावली. पट्ट्यापाशी ऊब धरून दोन पिल्लं झोपली होती. मिस्त्री म्हणजे डेपोतला सगळ्यात जुना मेकॅनिक, तोंडाने फटकळ माणूस. पण त्या दिवशी त्यानेच ती दोन्ही पिल्लं फडक्यात गुंडाळून कुंपणापाशी पुरली.

डेपो मॅनेजरांना सगळे 'साहेब' म्हणत. साहेबांनी संध्याकाळी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की मांजरं पकडणारी माणसं आणतो, गाडी भरून लांब कुठेतरी सोडून येतील, विषय संपला.

"साहेब, त्याने काही होत नाही," धाकटी बोलून गेली. "या गेल्या की महिन्याभरात दुसऱ्या येतील. उंदीर आहेत तोवर जागा रिकामी राहायची नाही. त्यापेक्षा यांचीच ऑपरेशनं करून परत सोडू. पिल्लं थांबतील."

"करणार कोण?"

"मी. माझी ताई जनावरांच्या दवाखान्यात आहे."

"आणि नाही जमलं तर?"

"सहा महिन्यांनंतर डेपोत एक पिल्लू दिसलं, तर मग तुम्हाला हवं ते करा."

साहेबांनी मान डोलावली. मिस्त्री बाहेर आल्यावर म्हणाला, "बाई, शब्द दिलात खरा, पण तो मांजरींना विचारून द्यायला हवा होता."

थोरली ज्या दवाखान्यात होती, तिथे तिला सोळा वर्षं झाली होती. नवरा सोडून गेला तेव्हा दवाखान्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला वरची खोली राहायला दिली. जनावर कसं धरायचं, जखम कशी धुवायची, वजन बघून भुलीचं औषध किती भरायचं, हे त्यांनीच शिकवलं. आता लोक कुत्र्याचा पाय मुरगळला तरी आधी तिलाच दाखवत. धाकटी गेली तेव्हा थोरली हसली. "एवढंच ना? घेऊन ये. डॉक्टरांना मी सांगते."

तिने दोन पिंजरे दिले. जाळीचे, लांबट. आत शेवटाला खाणं ठेवायचं, मधे पाय पडला की बसणारी पट्टी, ती बसली की मागचं दार खटकन खाली. थोरलीने सगळं समजावून सांगितलं. आदल्या दिवसापासून खायला घालायचं नाही. पट्टीवर वर्तमानपत्र अंथरायचं, म्हणजे पायाला लोखंड लागत नाही. दार पडल्याबरोबर वरून जाड चादर टाकायची. अंधार झाला की मांजर धडपडायचं थांबतं. "आणि चिमे, तोंडाने चुचकारत बसू नकोस," थोरली म्हणाली. "पिंजऱ्यात तू दिसलीस की ती तुझ्यावर डूख धरते."

भुलीत असतानाच डाव्या कानाचं टोक कापत, म्हणजे लांबूनही ओळखता यावं की हिचं झालंय. बोका दुसऱ्या दिवशी परत, मांजर तीन दिवसांनी.

दुपारी गाड्या मार्गावर गेल्या की डेपो सुनसान व्हायचा. तेवढ्या वेळात धाकटी पिंजरे लावायची आणि स्टोअरच्या खिडकीतून नजर ठेवायची. माशाचा डबा फोडला की वास सगळीकडे सुटायचा आणि मिस्त्री नाक धरून म्हणायचा, "बाई, या वासाने मीच आत जाऊन बसेन." चादरीत गुंडाळलेला पिंजरा घेऊन ती दवाखान्याच्या बाजूची बस धरायची. कंडक्टर ओळखीचे. पुढची सीट तिच्यासाठी मोकळी करून देत आणि प्रवाशांना सांगत, "व्हीआयपी आहेत, धक्का लावू नका."

पाच महिन्यांत चोवीस मांजरं झाली. त्यात एकच गेली. वायसर म्हणून एक लहानखुरी मांजर होती, डोळ्याभोवती बोल्टखालच्या चकतीसारखा गोल काळा डाग असलेली. तिला नेलं आणि तिसऱ्या दिवशी थोरलीने रिकामा पिंजरा हातात दिला. "हृदय कमजोर होतं गं तिचं. भूल सोसली नाही." धाकटी रडली. थोरलीने तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

सगळ्यात दमवलं ते बोनेटने. ही राखाडी मांजर, गाडी आली की गरम बोनेटवर जाऊन बसायची म्हणून तिचं नाव ते. डेपोत ती फक्त धाकटीच्या हातचं खायची. स्टोअरच्या टेबलावर बिलांवर झोपायची. पण पिंजरा दिसला की दहा पावलांवरून त्याला वळसा घालायची. दहा वेळा फसलं. अकराव्या वेळी थोरलीने सांगितलं तसं धाकटीने मोठी टोपली काठीवर तिरकी उभी केली, काठीला दोरी बांधली आणि खाली स्वतः हाताने खाणं ठेवलं. बोनेट आली ती टोपलीकडे बघून नाही, तिच्याकडे बघून आली. दोन घास खाऊन तिने मान वर केली, तेवढ्यात धाकटीने दोरी ओढली.

दवाखान्यात पोहोचल्यावर तिने पिंजरा टेबलावर ठेवला, पण हात चादरीवरून काढला नाही. "माझ्यावर विश्वास ठेवून आली गं ती, ताई. केसाने गळा कापल्यासारखं वाटतंय."

"एक दिवस रागवेल," थोरली म्हणाली. "पुढं जन्मभर पोटाला त्रास नाही. तिच्या भल्याचंच आहे ना?" आणि तिने पिंजरा आतल्या खोलीत नेला. आत धाकटी कधी जात नसे. तिथे जंतू नकोत, बाहेरच थांब, असं थोरलीने सांगून ठेवलं होतं.

बोनेट परत आली ती कान कापून, पोट भादरून, पाच टाक्यांची एक सरळ रेघ घेऊन. आठवडाभर ती धाकटीकडे फिरकली नाही. मग एका दुपारी पुन्हा टेबलावर चढली. धाकटीला वाटलं, सुटले.

त्यानंतर तीन महिन्यांनी मिस्त्री खिडकीशी आला. सुटा भाग मागायला नाही.

"बाई, बोनेटचं पोट बघितलंत?"

"खाऊन फुगली असेल. कॅन्टीनमध्ये जाते हल्ली."

"खाऊन फुगलेलं पोट डावीउजवीकडे हलत नसतं," मिस्त्री म्हणाला.

दहा-बारा दिवसांनी बोनेट जुन्या सीटांच्या गादीत व्याली. तीन पिल्लं. धाकटीने गुडघ्यावर बसून तिचा डावा कान बघितला, कापलेला. पोटावर केस उगवून आले होते, पण हात फिरवला की टाक्यांची रेघ बोटाला लागत होती. मागे चार मेकॅनिक जमले होते. त्यातला एक म्हणाला, "डॉक्टरांनी कान बरोबर कापला, पण कापायचं ते राहून गेलं." सगळे हसले. मिस्त्री हसला नाही.

त्याच संध्याकाळी ती थोरलीकडे गेली. थोरली कापसाचे बोळे करत होती. हात न थांबवता म्हणाली, "राहून जातं गं कधी कधी आत थोडंसं. हजारात एखादीचं होतं. डॉक्टरांना नको बोलूस, म्हाताऱ्या माणसाला उगाच लागतं मनाला."

धाकटीला पटलं. ताई म्हणते म्हणजे तसंच असणार.

पंधरा दिवसांत तिकीट नावाच्या पिवळ्या मांजरीचं पोट दिसायला लागलं. हिचाही कान कापलेला. धाकटीने फोन केला तेव्हा थोरलीचा आवाज चढला. "तुझी नक्की खात्री आहे? कान भांडणातही फाटतात. त्या पिवळ्या सगळ्या सारख्याच दिसतात. तू दुसरीच कुठली बघत असशील. तू आणायचीस त्या वेळीच गोंधळ घातला असशील, आणि आता माझ्या नावाने बोंब."

धाकटी वरमली. दोन दिवस ती डेपोत वेड्यासारखी फिरली, गाड्यांखाली वाकून कान बघत, वहीत खुणा लिहीत. आपल्यालाच मांजरी ओळखता येत नाहीत की काय, असं तिला वाटायला लागलं. पंख्याचे पट्टे देताना तिने दोनदा चुकीचा नंबर दिला. शेवटी मिस्त्रीने तिची वही मिटली. "बाई, दुसरीकडे दाखवून या. चूक तुमची असेल तर तुमची. पण कळू तरी दे."

गावाच्या दुसऱ्या टोकाला सरकारी पशुदवाखाना होता. तिथे नवी आलेली तरुण डॉक्टरीण होती, बारीक, भराभर बोलणारी. तिने तिकिटाचं पोट चाचपलं, यंत्र लावलं आणि पडदा धाकटीकडे वळवला.

"चार पिल्लं आहेत. गर्भाशय, बीजकोश सगळं जागच्या जागी आहे."

"म्हणजे ऑपरेशन करताना आत थोडं राहिलं का?"

"बाई, आत कुणी गेलेलंच नाही." डॉक्टरिणीने तिकिटाचे केस बाजूला करून रेघ दाखवली. "हे बघा, फक्त वरची कातडी कापलीय आणि शिवून टाकलीय. दाखवायला. कुठल्या डॉक्टरांनी केलं हे?"

धाकटीने नाव सांगितलं नाही. पण बसमध्ये बसल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळा राग म्हाताऱ्या डॉक्टरांवर. ज्याला ताईने सोळा वर्षं देवासारखं मानलं, त्याने तिच्याच डोळ्यांदेखत ही लबाडी करावी? ताईला हे कळलं तर तिचं काय होईल? आधी आपण म्हाताऱ्याला गाठायचं आणि मग ताईला हळूच सांगायचं, असं ठरवून ती उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती दवाखान्यात गेली. थोरली औषधं आणायला बाहेर गेली होती. डॉक्टर पुढच्या खोलीत खुर्चीत बसून चहा पीत होते. कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, तरी बशीवर तो टक टक वाजत होता.

"ये पोरी, ये," ते म्हणाले. "खूप दिवसांनी दिसलीस. मांजरी काय म्हणतात?"

धाकटी समोर बसली. ती त्या हातांकडे बघत होती.

"त्या सरकारी दवाखान्यातल्या मुलीचा हात फार छान आहे हो," डॉक्टर पुढे बोलत होते. "तुझी एक राखाडी मांजर आत ठेवली होती ना, तिचं पोट बघितलं मी. पाच टाके, एका मापाचे. माझ्या उमेदीतसुद्धा इतके स्वच्छ नव्हते."

"सरकारी दवाखान्यातली?" धाकटीने विचारलं.

"तिच्याकडेच नेतेस ना तू आता? आणि नंतर सांभाळायला इथे ठेवतेस. मीच तुझ्या ताईला म्हटलं होतं, तिकडे पाठव." त्यांनी कप खाली ठेवला, निम्मा चहा बशीत सांडला. "माझ्या हातून ती डोळ्याभोवती डाग असलेली गेली, त्या दिवसापासून मी सुरी धरली नाही. हृदय चांगलं होतं तिचं. माझा हात हलला. तुला तुझ्या ताईने सांगितलं असेलच. तुझी माफी मागायची राहिली होती, पोरी."

धाकटी काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. बहुतेक 'असू द्या' म्हणाली. ती उठून आतल्या खोलीत गेली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने तो उंबरा ओलांडला. टेबल, दिवा, केस भादरायचं यंत्र, स्टीलच्या डब्यात सुया आणि दोरा. तिथल्या स्टुलावर ती बसून राहिली. पाच टाके, एका मापाचे. असे टाके कोण घालतं हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिच्या अंगावरच्या कपड्यांवर ते होते.

थोरली आली, पिशवी ठेवली आणि धाकटीला आत बसलेली बघून दारातच थांबली. मग तिने दार लोटून घेतलं.

"किती?" धाकटीने विचारलं.

"काय किती?"

"ताई, आता नको. किती जणींना नुसतं शिवलंस?"

थोरली भिंतीला टेकली. "नऊ."

"आणि बोके?"

"बोक्यांचं खरं केलं मी. ते जमतं मला, सोळा वर्षं बघतेय. पण मादीचं पोट उघडायचं..." तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. "एकदा सुरी लावली. नाही झालं धाडस. मग शिवून टाकलं. मग दुसऱ्या वेळी तेच केलं."

"मला सांगायचं होतंस. डॉक्टरांनी मला तिकडे पाठवायला सांगितलं होतं तुला."

"सांगणार होते गं. त्यांचा मुलगा टपून बसलाय. बाबा काम करत नाहीत असं त्याला कळलं की दवाखाना विकणार, आणि वरची खोलीही गेली. डॉक्टर म्हणत होते महिन्याभरात नवीन डॉक्टर ठेवतो. मी म्हटलं, तो आला की तुझ्या सगळ्या परत आणून खरं करून घेऊ. तुला कळायचंही नाही. तो आलाच नाही."

"बोनेट व्याली तेव्हा सांगायचंस. तेव्हा तरी."

थोरली पिशवीतली औषधं काढून ठेवायला लागली.

"तू मला म्हणालीस मीच गोंधळ घातला," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढत नव्हता, उलट खाली खाली जात होता. "मी दोन दिवस गाड्यांखाली रांगत होते, ताई. मला वाटलं माझं डोकं फिरलं. फोन ठेवल्यावर मी तुझीच बाजू घेतली. आज इथे आले ती तुझ्या डॉक्टरांशी भांडायला, तू फसलीस म्हणून."

"चिमे..."

"वायसरचं हृदय कमजोर होतं म्हणालीस. मी रडत होते आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस."

"मग काय करायचं होतं मी?" थोरली एकदम फुटली. "तू येऊन बसायचीस समोर. 'ताई आहे ना, होईल.' प्रत्येक गोष्टीला ताई आहे ना! त्या तोंडाला कसं सांगू की ताईला जमत नाही?"

हे ऐकून धाकटीला वाटलं होतं तसं रडू आलं नाही. एवढी वर्षं आपण जो विश्वास टाकला, त्याचं हिला ओझं होत होतं, आणि तेसुद्धा हिने आपल्यापासून लपवून ठेवलं, एवढंच तिच्या मनात आलं. तिने पर्समधून वही काढली. "नऊ कोणत्या ते सांग. कान सगळ्यांचे सारखेच कापलेत तू. बघून आता कुणालाच कळणार नाही."

थोरलीने एकीचाही घोळ न घालता नऊ मांजरी सांगितल्या. शेपटीचं टोक पांढरं असलेली, मागचा पाय किंचित ओढणारी, तिकीट, बोनेट. धाकटीने लिहून घेतलं आणि पुढच्या दाराने न जाता मागच्या दाराने गेली, डॉक्टरांना तोंड दाखवायला नको म्हणून.

साहेबांसमोर तिला काहीतरी सांगावंच लागणार होतं. खरं सांगितलं तर परवाना नसताना भूल देऊन जनावरं कापली म्हणून थोरलीवर पोलीस आले असते. डॉक्टरांचं नाव घ्यायचं तर त्या माणसाने काहीच केलं नव्हतं. रात्रभर विचार करून ती सकाळी केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, "साहेब, माझीच चूक झाली. मला वाटलं त्यांची ऑपरेशनं झाली, पण नऊ राहिल्या."

"राहिल्या म्हणजे? मग कान कसे कापले?"

"चूक झाली," ती पुन्हा म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. त्यांना खोटं कळलं असावं, पण कोणतं ते कळलं नसावं. "पंधरा दिवस देतो," ते म्हणाले. "नंतर माणसं येतील. तुम्ही शब्द दिला होता, बाई. मी सगळ्यांसमोर तुमच्या बाजूने उभा राहिलो होतो."

ते पंधरा दिवस फार वाईट गेले. एकदा पिंजऱ्यात सापडलेली मांजर दुसऱ्यांदा सहजी फसत नाही. धाकटी पिंजरा घेऊन यार्डात उतरली की मांजरी कुंपणाच्या भिंतीवर जाऊन ओळीने बसत आणि तिथून बघत. पूर्वी पायात घोटाळणाऱ्या आता तिच्या हातातली ताटली बघूनही हलत नव्हत्या. मिस्त्री मदतीला आला. त्याने जुन्या सामानाच्या जाळीची मोठी पेटी केली, तिला आठवडाभर उघडी ठेवून आत खायला घातलं आणि मग एका दुपारी दार पाडलं. तिकीट आणि आणखी पाच, अशा सहा जणी मिळाल्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरिणीने सहाही जणींची खरी ऑपरेशनं केली. तिकिटाची पिल्लंही त्यातच गेली. उरल्या तिघी.

सोळाव्या दिवशी पकडणारी माणसं गाडी घेऊन आली. त्यांच्याकडे ना यादी होती, ना कान बघायला सवड. जे सापडलं ते त्यांनी पोत्यात भरलं. आठ मांजरं गेली, त्यातली सहा खरी ऑपरेशन झालेली. धाकटी त्यांच्या मागे धावत सांगत होती, हिला नको, हिचं झालंय, कान बघा ना. पकडणारा म्हणाला, "बाई, कान तर सगळ्यांचेच कापलेत."

बोनेट सापडली नाही. तिची दोन पिल्लं मोठी झाल्यावर मिस्त्रीने घरी नेली, एक जगलं नाही. पिल्लांचं दूध सुटलं होतं, बाहेरचे बोके पुन्हा बोनेटच्या मागे लागले होते आणि धाकटीला तिच्या जवळपासही फिरकता येत नव्हतं. बोनेट आता टेबलावर येत नव्हती. धाकटी स्टोअरमधून बाहेर पडली की ती वर्कशॉपच्या छपरावर जायची.

थोरलीचे फोन येत होते. धाकटी उचलत नव्हती. रविवारचं एकत्र जेवणही बंद झालं होतं.

मग स्वतःच्या एका सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास थोरली डेपोच्या फाटकात उभी. हातात लांब दांड्याचं जाळं, खांद्याला पिशवी. ती धाकटीकडे आली नाही. मिस्त्रीलाच विचारलं, "राखाडी कुठे असते?" आणि मोडक्या गाड्यांच्या रांगेत जाऊन एका चाकापाशी जमिनीवर बसली.

धाकटी खिडकीतून बघत होती. अकरा वाजले, बारा वाजले. थोरलीला गुडघ्यांचा त्रास, खाली बसणं जमत नाही, पण ती हलली नाही. कुणी चहा नेला तर हातानेच नको म्हणाली. दोनच्या सुमारास एकदम गोंधळ उडाला. धाकटी धावत गेली. थोरली जाळ्यावर पालथी पडली होती, खाली बोनेट फुत्कारत होती आणि थोरलीच्या मनगटातून रक्त येत होतं.

दोघींनी मिळून तिला पिंजऱ्यात घातलं. थोरलीने दार धरलं, धाकटीने चादर टाकली. हात सवयीने आपापली कामं करत होते.

मग धाकटीने थोरलीला नळापाशी नेलं, मनगटाला साबण लावला आणि धार सोडून दहा मिनिटं धरून ठेवलं. दोन दात खोल गेले होते.

"इंजेक्शन घे आजच्या आज," धाकटी म्हणाली.

"हो."

"माणसांचा दवाखाना सरकारी पशुदवाखान्याच्याच बाजूला आहे."

"मग तुझ्याबरोबरच येते ना. पिंजरा एका बाजूने धरेन."

धाकटीने नळ बंद केला. थोरलीचे केस विसकटलेले, साडीला ग्रीसचा मोठा डाग. लहानपणी आजारातून उठवणारा, परीक्षेला सोडायला येणारा तोच चेहरा. धाकटीला वाटलं, आपण आत्ता हो म्हटलं तर सगळं पहिल्यासारखं होईल. आणि मग आपण पुन्हा काहीही विचारणार नाही, कधीच.

"तू पुढच्या गाडीने ये," ती म्हणाली.

गाडी फाटकातून निघताना कंडक्टरने थोरलीला थांब्यावर उभी बघितलं. दोघी बहिणी हे डेपोत सगळ्यांना ठाऊक. त्याने विचारलं, "ताईंना घ्यायचं ना? थांबवू?"

"नाही," धाकटी म्हणाली. "चला तुम्ही."

तरुण डॉक्टरिणीने बोनेटचं पोट भादरलं आणि जुनी रेघ बघून विचारलं, "हीसुद्धा त्यातलीच? अजूनही सांगणार नाही का, कुणी केलं ते?"

"नाही," धाकटी म्हणाली. "पण ही शेवटची आहे."

डॉक्टरिणीने बोनेटला आत नेलं. तासाभराने तिने बाहेर येऊन सांगितलं, झालं, व्यवस्थित झालं. धाकटी बाकावरून उठली. दाराबाहेरच्या पायरीवर थोरली बसली होती, मनगटाला पांढरी पट्टी. तिने वर बघितलं. धाकटी तिच्यापासून एक पायरी सोडून खाली बसली, आणि मांजर भुलीतून जागी होईपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या, रस्त्याकडे बघत.